तळाकडे बघत बसा

आधी हॉलमधला मोठा दिवा मालवा. टीव्ही बंद करा. टाकीवरचा दिवा राहू द्या. सोफ्यावर बसू नका, कारण सोफ्यावरून टाकी दिसली तरी तिचा तळ दिसत नाही. पाट घ्या, मोडा घ्या, काहीही घ्या, आणि डोळे टाकीतल्या वाळूच्या रेषेत येतील असे बसा. गुडघे कुरकुरत असतील तर पाय लांब करा. पुढचा अर्धा तास आपल्याला टाकीतले फक्त खालचे दोन इंच बघायचे आहेत.

खिडकीबाहेर पनवेलशेजारच्या विचुंब्याची संध्याकाळ चालू असेल. पनवेल स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षा, समोरच्या बांधकामावरचा मिक्सर, कुणाच्या तरी गच्चीवर पाणी चढवणारी मोटर. हे आवाज घालवायच्या मागे लागू नका. एअर पंपाची घरघरही असू द्या. ती थांबली तर मात्र उठावं लागेल.

सुरुवातीला वरचे मासे मध्ये येतील. गप्पी, मॉली, टेट्रा, जे काही तुम्ही पाळलं असेल ते, माणूस समोर बसला म्हणजे खाणं आलं असं समजून काचेशी गर्दी करतील. करू द्या. ही सवय त्यांना आपणच लावली आहे. टाकी घेतली तीही त्यांच्या रंगांकडे बघून. दुकानात उभं राहिलं की नजर मधल्या थरावरच जाते. काहीजण तर वास्तूच्या हिशोबाने मासे मोजून घेतात, ईशान्य कोपरा गाठतात आणि एक काळा गोल्डफिश आवर्जून टाकतात. तळाला काय घालायचं हे शेवटी, पैसे देताना ठरतं. मग दुकानदार गुलाबी-निळ्या खड्यांची पिशवी पुढे करतो आणि वर प्लास्टिकचा एक पेटारा देतो, ज्याचं झाकण बुडबुड्यांनी उघडतं आणि मिटतं.

आता नजर खाली उतरवा. एकदम नको. फिल्टरचं पाणी पडून जिथे पृष्ठभाग थरथरतोय तिथून निघा. संध्याकाळी टाकलेल्या फ्लेकचा एखादा तुकडा अजून तरंगत असेल. तो पकडा आणि त्याच्याबरोबर खाली या. तो सरळ पडत नाही. एक मासा त्याला तोंडात घेतो, थुंकतो, दुसरा चाखून सोडतो. मधला प्रवाह त्याला आडवा ओढत नेतो. पानाच्या देठाशी तो क्षणभर अडकतो, सुटतो, आणि वाळूवर टेकतो. टाकीतलं बहुतेक सगळं असंच इथे येऊन पोचतं: उरलेलं खाणं, विष्ठा, वनस्पतीचं पिवळं पडलेलं पान, मेलेली गोगलगाय. तो तुकडा जिथे टेकला तिथेच थांबा.

थोड्या वेळाने तिथे मिश्या येतील.

दुकानात ह्या माशाला नुसतं ‘कोरी’ म्हणतात. पूर्ण नाव कोरिडोरास, मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या नद्या आणि ओढे. बोटभर लांब, पोट सपाट, पाठ उंचावलेली. अंगावर खवले नाहीत. त्यांच्या जागी दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा आहेत, जुन्या घरावर कौलं एकावर एक बसवलेली असतात तशा. ह्यातला ठिपक्यांचा कोरी, म्हणजे पॅलेएटस, चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांमध्ये होता आणि लिओनार्ड जेनिन्स ह्यांनी १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. एकोणिसाव्या शतकातच पॅरिसमध्ये त्याची पैदास झाली. आज दुकानात मिळणारे साधे कोरी बहुतेक शेततळ्यांत आणि हौदांत वाढवलेले असतात. आपल्या देशात कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये शोभेच्या माशांचा मोठा धंदा आहे. म्हणजे तुमच्या टाकीतल्या कोरीने ॲमेझॉन कधीच पाहिलेली नसणार. तरी त्याला वाळू कळते.

ती कशी कळते ते बघा. एकच मासा निवडा, बाकीच्यांना विसरा. त्याच्या तोंडाशी मिश्यांच्या जोड्या आहेत आणि त्या एक क्षणही स्वस्थ नसतात. त्या वाळूला टेकतात, पुढे सरकतात, पुन्हा टेकतात. काहीतरी लागलं की तो थांबतो आणि तोंड वाळूत खुपसतो, कधी पार डोळ्यांपर्यंत. आता त्याच्या कल्ल्यांकडे बघा. तोंडात घेतलेली वाळू कल्ल्यांच्या फटीतून दोन्ही बाजूंनी बारीक धारेने बाहेर पडते आहे. खाण्याजोगा कण आत राहिला, वाळू बाहेर गेली. पुन्हा दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. घाई दिसत नाही आणि विश्रांतीही दिसत नाही. हे किती वेळ चालतं हे घड्याळात बघू नका.

मध्येच त्याचा डोळा खाली फिरेल. माशाला पापणी नसते, पण कोरी बुबुळ असं झटकन खाली वळवतो की त्याने डोळा मारला असं वाटावं. लहान मुलं ह्यावर खूश होतात. मोठेही होतात, फक्त सांगत नाहीत.

आणि मग, काही कारण नसताना, तो सुटतो. तळापासून थेट पृष्ठभागापर्यंत एक सरळ उभी धाव, वर तोंडाचा एक घोट, आणि तितक्याच वेगाने परत खाली. दचकू नका. त्याला काही झालेलं नाही. कोरी हवा गिळतो. कल्ले आहेतच, पण गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्याच्या मागच्या भागातून घेतो. तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्याच्या मूळ प्रदेशात कोरड्या ऋतूत पाणी आटून कोमट आणि साचलेलं होतं, तेव्हा तळाला प्राणवायू उरत नाही. अशा वेळी ही सोय जीव वाचवते. तळाला राहणाऱ्याचं वरच्या हवेशी असं नातं असेल हे आपल्याला सहसा सुचत नाही.

त्याच्या ह्या फेऱ्यांवर आता लक्ष ठेवा. तुमचा श्वास तुमच्या चालीने चालू द्या, त्याच्याशी जुळवू नका. बऱ्याच वेळाने एकदा वर गेला तर ठीक आहे. सगळेच जर सारखे वर-खाली करायला लागले तर पाणी तुम्हाला काहीतरी सांगतंय. पनवेलचा मे महिना आठवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. आपल्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी टाकी ३० अंशांच्या वर सहज जाते आणि कोरीला बरं वाटतं ते २२ ते २६ अंशांत. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. त्यात वीज गेली, फिल्टर आणि पंप दोन्ही थांबले, तर मगाने पाणी वरून परत टाकीत ओतत राहायचं. अंधारात हे काम करताना मनन आपोआप होतं.

आता वाळूकडे या.

बाह्या वर करा, हात साबण न लावता धुवा आणि सावकाश टाकीत घाला. मासे पांगतील, परत येतील. चिमूटभर वाळू दोन बोटांत घ्या आणि चोळा. बोटाला टोचली तर मिश्यांना काय होत असेल ह्याचा अंदाज येतो. विचुंब्यात बांधकामं इतकी चालू आहेत की कोपऱ्याकोपऱ्यावर क्रश सँडचा ढीग सापडतो, आणि घमेलंभर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. ती आणू नका. ती खडी फोडून केलेली असते, तिच्या कणांना धारा असतात. सिलिका सँड घ्या, पाणी गाळण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात ती, बारीक आणि गोलसर कणांची, आणि बादलीत पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा. रंगीत खड्यांचं दुखणं वेगळं. खाण्याचे कण खड्यांच्या फटीत जातात, तिथे कोरीचं तोंड पोचत नाही आणि ते तिथेच कुजतात. मिश्या झिजून आखूड झाल्या की लोक धारदार खड्यांना दोष देतात, पण बऱ्याच वेळा खरं कारण ही खालची कुजकी घाण असते.

नवीन पनवेलकडून विचुंब्यात येताना गाढी ओलांडावी लागते. माथेरानच्या डोंगरातून उतरलेली, देहरंगच्या धरणात अडलेली ही नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. पुलावरून जाताना पिशवीभर वाळू तिथूनच आणावी असं मनात येऊ शकतं. येऊ द्या आणि जाऊ द्या. नदीच्या वाळूतही कुणीतरी तोंड खुपसून बसलेलं असतं.

हात बाहेर काढा, पुसा, परत बसा. आता एक वाक्य मनात आणा. तुम्ही ते दुकानात ऐकलेलं आहे, कदाचित पाहुण्यांना सांगितलेलंही आहे: ‘हा खालचा मासा घाण खातो, टाकी साफ ठेवतो.’

हे वाक्य थोडा वेळ तसंच धरून ठेवा. ते किती सोयीचं आहे ते बघा. वरच्यांसाठी खाणं आणायचं, खालच्याने त्यांचं उष्टं खायचं आणि जागाही झाडून ठेवायची. त्याच्यासाठी वेगळं काही आणायची गरज नाही. उलट त्याला उपाशी ठेवलं तर तो जास्त काम करेल असंही सांगणारे दुकानदार आहेत. मला हे वाक्य माशांविषयी ऐकण्याच्या फार आधीपासून ओळखीचं वाटतं. आपल्या गावांची रचना, आपल्या गटारांत उतरणारी माणसं, इमारतीच्या मागच्या जिन्याने येणारी बाई, हे सगळं त्याच व्याकरणात बसतं. ह्यावर आत्ता काही ठरवू नका. फक्त त्या वाक्याने टाकीत काय होतं ते बघू.

टाकीत होतं ते असं: कोरी घाण खात नाही. दुसऱ्या माशांच्या विष्ठेवर त्याचं पोट भरत नाही. तो किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव आणि वनस्पतीचे कण खाणारा आहे. वरच्यांनी सोडलेला फ्लेक तो उचलतो, पण गप्पींनी सोडलेलं असतंच किती? उष्ट्यावर ठेवलेला कोरी महिनोन् महिने जिवंत दिसतो आणि आतून खंगत जातो. नीट ठेवला तर दहा वर्षंही जगणारा हा मासा वर्षभरात मरतो, आणि आपण म्हणतो, ‘गेला, मासेच ते.’ मग नवा आणतो.

साफसफाई दुसरेच कोणीतरी करतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडले की आठवड्याभरात एकेक मरायला लागतो तो ह्याचमुळे. शेवटी जे नायट्रेट उरतं ते काढायला कोणताही मासा येत नाही. ते काढतो नळीने पाणी ओढून बादलीत सोडणारा माणूस, दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी. म्हणजे टाकीचा सफाई कामगार पाटावर बसलेला आहे.

ह्याच वाक्याचा दुसरा बळी म्हणजे सकर. काचेला तोंड चिकटवून बसणारा, काळपट, दोन इंचांचा, दुकानात सर्वांत स्वस्त. ‘शेवाळ खाईल’ म्हणून घेतलेला हा मासा फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि दोन फुटांच्या टाकीत त्याला वळताही येत नाही. मग कुणाला तरी दया येते आणि रविवारी सकाळी त्याला तळ्यात किंवा नदीत सोडलं जातं. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य झालं. सकरचं अंग चिलखती, त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही, आणि तो काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. केरळ, आंध्र आणि तमिळनाडूच्या पाण्यात तो पसरला आहे, आंध्रातले मच्छीमार फाटलेल्या जाळ्यांमुळे हैराण आहेत, आणि २०२० मध्ये तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. आता मनातल्या मनात गाढीवरचा तो पूल पुन्हा ओलांडा, हातात पाण्याची पिशवी आहे असं समजा आणि पिशवी न सोडता घरी परत या. ज्याला ठेवायला जागा नाही तो मासा दुकानात परत द्यावा, नाहीतर मुळात घेऊच नये.

मग आपला स्वतःचा तळाचा मासा कोणता, असं मनात आलं असेल तर तो प्रश्न चांगला आहे. सह्याद्रीच्या नद्यांमध्ये लोच कुळातले कितीतरी मासे आहेत: सडपातळ, मिश्यांचे, दगडांच्या फटीत नाहीतर वाळूत अंग पुरून बसणारे. दख्खनच्या माशांवर लिहिताना डब्ल्यू. एच. साइक्स ह्यांनी १८३९ मध्ये त्यातल्या एकाला मूरेह असं इथलंच नाव दिलं आणि ते शास्त्रात टिकलं. सर्वांत देखणा म्हणाल तर झेब्रा लोच. पिवळट अंगावर काळपट उभ्या पट्ट्या असलेला हा मासा नारायण राव ह्यांनी १९२० मध्ये कर्नाटकातल्या तुंगेतून नोंदवला. तो आपल्याकडे कृष्णेच्या खोऱ्यातही मिळतो आणि जगभरच्या हौशी लोकांना हवा असतो. नद्यांचे तळ बिघडले, त्यात नदीतूनच पकडून विक्री झाली, आणि आज आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. एका बाजूला आपण परका सकर नदीत सोडतो, दुसऱ्या बाजूला नदीतला झेब्रा काढून विकतो. माझं मत विचाराल तर टाकीत हौदात पैदास झालेला कोरी असावा आणि झेब्रा नदीत असावा. गोष्ट एवढी सोपी नाही हे मला माहीत आहे. पाळल्याशिवाय प्रेम जडत नाही असं म्हणणारेही प्रामाणिक असतात.

पुन्हा काचेशी या. कोरी एकटा असेल तर तो कोपऱ्यात पानाआड बसलेला दिसेल आणि तुम्ही त्याला शांत स्वभावाचा समजाल. सहा आणा, निदान दोन फुटांच्या टाकीत, आणि हाच शांत मासा कसा वागतो ते बघा. एकाच्या मागे दुसरा, एकमेकांच्या अंगावरून, बसायचं तेही कुशीला कूस लावून. वर हवा घ्यायलाही पुष्कळदा एक गेला की बाकीचे जातात. त्यांना हलवायची वेळ आली तर जाळी वापरू नका. भीती वाटली की कोरी छातीजवळच्या परांचे काटे ताठ करून अडकवतो आणि जाळीत असा गुंततो की सोडवताना दोघांनाही इजा होते. प्लास्टिकचा डबा बुडवा, सावकाश आत ढकला, पाण्यासकट उचला.

आता जूनची कल्पना करा. पहिल्या जोरदार पावसात शेतं आणि ओढे एक होतात, आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पनवेलच्या आगरी आणि कोळी घरांत ह्या वलगणीच्या माशांची वाट बघितली जाते. अंड्यांनी भरलेल्या चिवणीचं कालवण तेव्हाचंच. बाहेर ढग फुटलेले असताना तुम्ही टाकीतलं थोडं जास्त पाणी बदलता, नेहमीपेक्षा दोन-तीन अंश गार. हजारो मैलांवरच्या दुसऱ्या पावसाची वाट बघणाऱ्या माशांना ते पुरतं. नर मादीच्या मागे लागतात. मादी एका नराच्या कुशीला तोंड लावते, वरून बघितलं तर दोघांचा इंग्रजी टी होतो. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की ब्राँझ कोरीची मादी नराचं वीर्य गिळते. ते तिच्या आतड्यातून झरझर जातं आणि मागे, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर सुटतं. श्वास चालतो तेच आतडं. मग ती काचेवर जागा शोधते, तोंडाने चाचपते आणि अंडी चिकटवते. प्रत्येक वेळी दोन-चार, पुन्हा पुन्हा, संध्याकाळपर्यंत.

ती राहू दिलीत तर बाकीचे, आणि आईबापही, खाऊन टाकतील. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ती हलके सोडवा आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या डब्यात हवेच्या दगडाशी ठेवा. तीन ते पाच दिवसांत फुटतील.

पिल्लं येवोत न येवोत, आजच्या रात्रीचं काम बाकी आहे. नळाचं असो, बोअरचं असो की टँकरचं, बदलायचं पाणी बादलीत काढून ठेवा. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंगचा वास येत असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंबही टाका. मग वरच्यांना चिमूटभर फ्लेक द्या आणि त्यांचं पोट भरू द्या. पाच-दहा मिनिटांनी टाकीवरचा दिवा बंद करा. वरचे मासे थंडावले की कोरींसाठी बुडणाऱ्या खाण्याच्या गोळ्या घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी टाका. एकाच ठिकाणी टाकल्या तर दोघं दांडगे सगळं संपवतात.